धाकटा अठ्ठावीस महिन्यांपासून खोलीत आहे. याला आजार म्हणायचं का?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच. मोठं होईल, आधीच माफी मागते.

माझा भाऊ २७ वर्षांचा. गेले अठ्ठावीस महिने तो खोलीतून फक्त रात्री बाहेर येतो, तेही आम्ही झोपल्याची खात्री झाल्यावर. त्याच्या आवाजांचं वेळापत्रक आता मला पाठ झालंय. पावणेतीनला कडी. मग फ्लश. मग फ्रिजचं दार. ते दार तो बंद होईपर्यंत हाताने धरून ठेवतो, कारण नुसतं सोडलं तर रबराचा थप्प आवाज होतो. इतकं जपून वागणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं, मला कळत नाही.

सुरुवात नोकरीपासून झाली. अकरा महिने केली. राजीनामा दिल्याचं आम्हाला सहा आठवड्यांनी कळलं. तोवर तो रोज सकाळी आंघोळ करून, पाठीला बॅग लावून वेळेवर बाहेर पडत होता आणि संध्याकाळी वेळेवर परत येत होता. दिवसभर कुठे बसायचा, ते आजतागायत सांगितलेलं नाही. कळलं तेव्हा बाबा चिडले. कोणीही चिडलं असतं. पण त्या भरात म्हणाले, "मग एवढे दिवस आम्हाला येडं बनवत होतास?" त्या रात्री तो जेवायला आला नाही, आणि मग कधीच आला नाही. आधी मित्रांचे फोन घेणं थांबलं, मग फोनच बंद. केस तो स्वतःच कापतो, कचऱ्याच्या डब्यात दिसतात.

त्याचे बूट स्टँडच्या खालच्या कप्प्यात आहेत. परवा झाडताना उचलले तर टाचेचा तळ भुगा होऊन फळीलाच चिकटलेला. बूट हातात आले, टाच तिथेच राहिली. आई बघत होती. काही बोलली नाही, ओल्या फडक्याने फळी पुसून घेतली.

अजून एक गोष्ट सांगायची लाज वाटते. नातेवाइकांना आम्ही तो बाहेरगावी असतो म्हणून सांगितलंय. त्यामुळे कोणी आलं की त्याला चार-चार तास आवाज न करता बसावं लागतं, बाथरूमलाही जाता येत नाही. म्हणजे कडी त्याने आतून लावली असली तरी बाहेरून आम्हीही लावलेलीच आहे.

'हिकिकोमोरी' हा शब्द वाचनात आला आणि वर्णन वाचून घाम फुटला. पण तो जपानचा प्रकार ना? आमचा जपानशी काय संबंध? हा आजार, स्वभाव, की आमचं चुकलं? डॉक्टर म्हणतात त्याला घेऊन या. जो स्वयंपाकघरापर्यंत येत नाही त्याला दवाखान्यात कसं न्यायचं, ते कोणी सांगेल का?

रोखठोक

ताई, राग मानू नका, पण घरात फुकट खायला, वायफाय आणि बंद खोली मिळाली तर कोण बाहेर येईल? वायफाय बंद करा, ताट दाराशी ठेवणं बंद करा. आठ दिवसांत सुतासारखा सरळ येईल. आमच्या वेळी ही थेरं परवडायची नाहीत.

उंबरठा

@रोखठोक, राग नाही. हे आम्ही केलंय. मागच्या वर्षी बाबांनी वायफाय बंद केलं, नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी रात्रीचे आवाज बंद झाले. पाचव्या दिवशी आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. ते कपाट होतं, अजूनही दाराला टेकवलेलं आहे. नवव्या दिवशी बाबांनी स्वतःच जाऊन बटण दाबलं आणि मॉडेमसमोर तसेच उभे राहिले. ताटाच्या बाबतीत आईला तुम्ही पटवून दाखवा, माझी हिंमत नाही.

अनुस्वार

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ती म्हणून चौदा वर्षं काम करतेय, त्यात गृहभेटी बऱ्याच. न बघता निदान करत नाही, पण तुमच्या प्रश्नांना जमेल तेवढी उत्तरं देते.

आधी 'जपानचा ना' याबद्दल. शब्द जपानी आहे खरा. 'हिकु' म्हणजे मागे ओढून घेणं, 'कोमोरु' म्हणजे कोंडून घेणं. १९९८ मध्ये तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि शब्द घरोघरी पोचला. बरीच वर्षं सगळे हेच म्हणत होते, की ही जपानी समाजाची खास भानगड. मग २००५ मध्ये ओमानमधल्या एका रुग्णाचं वर्णन प्रसिद्ध झालं. स्पेनमध्ये बार्सिलोनात घरी जाऊन उपचार करणाऱ्या पथकाला असे १६४ जण सापडले. दक्षिण कोरियात तर अशा मुलामुलींना, म्हणजे ९ ते २४ वयाच्या, महिन्याला साडेसहा लाख वोनपर्यंत मदत देण्याची योजना सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली. भारत, जपान, कोरिया आणि अमेरिका अशा चार देशांत मिळून केलेल्या एका अभ्यासात ३६ जण निकषात बसले, चारही देशांत सापडले. तेव्हा संबंध नाही असं म्हणू नका. जपानने याला नाव दिलं आणि मोजायला सुरुवात केली, हा फरक मोठा आहे. जिथे मोजत नाहीत तिथे लोक 'बाहेरगावी' असतात. (हे टोचून बोलत नाहीये. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक घर हेच सांगत असतं.)

मोजणीचंच एक अवांतर. जपान सरकारच्या २०२२ च्या पाहणीत १५ ते ६४ वयाचे सुमारे १४ लाख ६० हजार लोक निघाले, म्हणजे पन्नासात एक. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत किंवा छंदापुरते बाहेर पडणारेही त्यात धरलेत, हे लक्षात ठेवा. आधीच्या पाहण्यांत पुरुषच फार दिसायचे. या वेळी चाळिशीपुढच्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त बायका निघाल्या. घरात बसलेली बाई कोणाला खटकत नाही, म्हणून ती कोणाच्या हिशेबातच येत नव्हती.

आता आजार की स्वभाव. डीएसएम किंवा आयसीडी, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या आजारांच्या याद्या, त्यांत 'हिकिकोमोरी' असं स्वतंत्र निदान नाही. २०२० मध्ये काही संशोधकांनी निकष सुचवले, ते कामाला येतात: घरातच अडकून राहणं, निदान सहा महिने, आणि त्यामुळे आयुष्याचं खरंखुरं नुकसान किंवा त्रास. आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर पडणारा सौम्य, एकदा किंवा त्याहून कमी तो मध्यम, खोलीतूनच क्वचित निघणारा तीव्र. तुमचा भाऊ कुठे बसतो हे तुम्हालाच दिसतंय. 'मला काही त्रास नाही' असं तो म्हणाला तरी निकष सुटत नाहीत, विशेषतः पहिल्या महिन्यांत. तेव्हा खोलीत शिरल्यावर सुटल्यासारखंच वाटतं. एकटेपणा नंतर चढतो.

पण, आणि हे फार महत्त्वाचं, नाव सापडलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. बार्सिलोनाच्या त्या १६४ जणांत दुसरा कुठलाच मानसिक आजार नाही असे फक्त तिघे होते. उलट जपानमधल्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांना दुसरं निदान नव्हतं. म्हणजे बंद दारामागे नैराश्य असू शकतं, माणसांची पराकोटीची भीती असू शकते, लहानपणी न ओळखलेली स्वमग्नता असू शकते, स्किझोफ्रेनियाची सुरुवात असू शकते, किंवा यांतलं काहीही नसू शकतं. उपचार प्रत्येकाचा वेगळा. म्हणून विचारते: एकटाच कोणाशी बोलल्यासारखा, वाद घातल्यासारखा आवाज येतो का? अन्नात काही घातलंय असा संशय? खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्यात? जेवण अचानक सुटलंय? मरणाबद्दल काही बोललाय, लिहिलंय? यातलं एकही 'हो' असेल तर धागा वाचत बसू नका, आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा आणि घरी येऊ शकणाऱ्याचीच मागणी करा.

सगळं 'नाही' असेल तर तुम्ही, आई आणि बाबा डॉक्टरांकडे जा, त्याच्याशिवाय. 'रुग्णाला आणा' म्हणून परत पाठवणाऱ्यांवर वेळ घालवू नका, दुसरे शोधा. दारू सोडायला तयार नसलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी एक पद्धत पूर्वीपासून आहे. माणूस येत नाही ना, मग घरच्यांनाच शिकवायचं: कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कशाला दाद द्यायची. क्यूशू विद्यापीठातल्या गटाने तीच हिकिकोमोरींच्या पालकांसाठी बसवून घेतली आणि २१ पालकांवर करून पाहिली. छोटा अभ्यास आहे, चमत्कार समजू नका. पण सुरुवात दाराच्या बाहेरून करायची, हे माझ्या अनुभवाशी जुळतं.

आणि कोणालाही दार तोडायला पाठवू नका. जपानमध्ये पैसे घेऊन अशा मुलांना खोलीतून उचलून नेणाऱ्या कंपन्यांचा धंदाच आहे. त्यांच्यावर खटले झाले, कोर्टाने भरपाई द्यायला लावली. बाहेर काढलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस सारखा नसतो.

उंबरठा

@अनुस्वार, सगळ्याला 'नाही'. फक्त खिडकीवर पुठ्ठा लावलाय, पण तो उजेडासाठी, दिवसा झोपतो म्हणून. मरणाचं कधी बोललेला नाही, पण आता बोलतच नाही तर कळणार कसं?

अनुस्वार

विचारायचं. दाराबाहेरून, सरळ शब्दांत: "तुला जगावंसं वाटत नाही असं होतं का?" विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. उत्तर आलं नाही तरी चालेल, हे विचारणारं कोणी घरात आहे एवढं त्याला कळेल. उत्तर 'हो' आलं, किंवा गप्पपणाच वेगळा वाटला, तर वर लिहिलंय तसं, त्याच दिवशी.

दाराआडचा

दोनदा लिहून खोडलं. मी तुमचा धाकटा आहे असं समजा. तीन वर्षं एक महिना. आता ३४ चा आहे, नोकरी करतो, लोकांना भेटतो, नंतर दोन दिवस थकतो.

आत काय चालतं याबद्दल लोकांना वाटतं गेम, सिनेमे, मजा. गेम खेळायचो, खरंय. पण तुम्ही रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा असताना मोबाईल बघता ना, तशी ती मजा. खरं काम एकच, घराकडे कान लावून बसणं. टकटक कोणाची ते बोटांवरून ओळखायचो. आईची तीन, हलकी, शेवटची अर्धवट. बाबांची दोन, थेट दाराच्या मध्यावर. टकटक झाली की छातीत धस्स व्हायचं, कारण प्रत्येक टकटकीमागे एक प्रश्न असायचा आणि प्रत्येक प्रश्न शेवटी एकच असायचा: पुढे काय? त्याचं उत्तर असतं तर मी आत बसलो असतो का?

दिवस उलटे का होतात तेही सांगतो. दिवसा रस्त्यावर सगळे कुठेतरी निघालेले असतात. रात्री कोणीच निघालेलं नसतं. पहाटे तीनला मी आणि बाकीचं जग सारख्याच लायकीचे.

आणि दिवस जातात तसा दाराचा भाव वाढतो. पहिल्या आठवड्यात बाहेर आलो असतो तर 'बरं वाटतंय का' एवढ्यावर निभावलं असतं. सहा महिन्यांनी बाहेर यायचं तर सहा महिन्यांचा हिशेब द्यावा लागणार. दोन वर्षांनी तर असं काहीतरी घेऊन यायला हवं की दोन वर्षं वसूल झाली. ते कुठून आणणार? मग अजून एक दिवस.

आई ताटाबरोबर नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं ठेवायची, पेनाने गोल केलेली. ताट घ्यायचो, कात्रण दाराखालून परत सरकवायचो. एकदा तिने कात्रण ठेवलंच नाही. तेव्हा मी घाबरलो, हे वाचून तुम्हाला हसू येईल. वाटलं, हिने आशा सोडली. नंतर कळलं, ती एका समुपदेशक बाईंकडे जायला लागली होती आणि त्यांनी सांगितलं होतं की ताट म्हणजे ताट, त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही.

मी बोललो कधी, ते सांगतो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. बाबा माझ्या दाराबाहेर स्टुलावर चढून खटपट करत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "ही अधिकची बाजू कुठे जाते?" दहा मिनिटं. सेल काढतायत, घालतायत, खाली पाडतायत. मला सहन होईना. आतून ओरडलो, "स्प्रिंगकडे उणे!" सतरा महिन्यांत तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य. बाहेर एकदम शांतता. मग बाबा म्हणाले, "हां, बसला." आणि स्टूल उचलून निघून गेले. बस्स. त्यांनी त्या वेळी "बाळा, तू बोललास!" वगैरे केलं असतं ना, तर मी अजून सतरा महिने बोललो नसतो. मागे कधीतरी विचारलं, मुद्दाम केलं होतं का? म्हणाले, छे, चष्मा नव्हता.

खोलीबाहेर पडलो तेही काही ज्ञान होऊन नाही. अक्कलदाढ सुजली. तीन रात्री सहन केली, चौथ्या पहाटे आईच्या खोलीच्या दारावर मी टकटक केली. किती वेळा केली आठवत नाही. दंतवैद्याने तोंड उघडायला सांगितलं तेवढंच, बाकी काही विचारलं नाही, त्यांचे मी आजही मनात आभार मानतो. तिथून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत यायला अजून पाच महिने गेले. मला नैराश्याच्या गोळ्यांनी फरक पडला. माझ्यासारख्याच दुसऱ्या एकाला गोळ्यांनी काहीच झालं नाही, त्याला बोलण्याने झाला. तेव्हा माझं औषध तुमच्या भावाला लावू नका.

ताई, एकच करा. ते 'बाहेरगावी' मागे घ्या. सगळ्यांना कथा सांगू नका, "घरीच असतो, बरं नाही, भेटत नाही" एवढं पुरे. मला पाहुणे आले की उशीत तोंड दाबून खोकावं लागायचं. आपण घरात नाही हे आपल्याच घरच्यांच्या तोंडून भिंतीपलीकडून ऐकणं, त्याबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही.

सातवी_पायरी

वाचतेय. आमच्याकडे आईचं वय ७९, भावाचं ५१. जपानमध्ये याला म्हणे '८०-५०' म्हणतात, ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं मूल. आम्हालाही सगळे सांगत होते, वय वाढलं की येईल ताळ्यावर. आता आईला गुडघ्यांमुळे ताट घेऊन जाता येत नाही, तर तो बाहेर येऊन घेतो, तेवढी प्रगती आहे. तिच्यानंतर वीजबिल कसं भरायचं हेसुद्धा त्याला माहीत नाही. या रविवारी आम्ही दोघं बहीणभाऊ बसून तेच शिकणार आहोत, मी बाहेर, तो आत, फोनवर. ताई, अठ्ठावीस महिने फार नाहीत. उशीर झाला असं समजून गप्प बसू नका, एवढंच.

रोखठोक

माझा पहिला प्रतिसाद मागे घेता येत नाही इथे, नाहीतर घेतला असता. @दाराआडचा, लिहिल्याबद्दल आभार.

उंबरठा

पाच आठवड्यांनी येतेय. उत्तर द्यायला उशीर झाला, सगळं तीनतीनदा वाचलं.

प्रश्न विचारला. दाराबाहेर जमिनीवर बसून, अनुस्वारांनी लिहिलं त्याच शब्दांत. आतून बराच वेळ काही नाही, मग दाराखालून कागदाचा चतकोर तुकडा आला. "तसं नाही. थकलोय." डॉक्टरांना दाखवला, त्यांनी जपून ठेवायला सांगितलाय. डॉक्टर दुसरे मिळाले, त्याला न आणता आम्हाला भेटणारे. दोनदा गेलो. पहिल्या वेळी बाबा तासभर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी तेच जास्त बोलले, आणि बरंचसं स्वतःच्या नोकरीबद्दल.

घड्याळाचा प्रयोग मी करून पाहिला, कबूल करते. त्याच्या दाराबाहेर उभी राहून रिमोटचे सेल उलटे घालत बसले. माझा अभिनय भिकार असणार. आतून काही आलं नाही. नंतर कपाट सरकल्यासारखं वाटलं, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

'बाहेरगावी' मागे घेतलं. आत्या आली होती, आई तिला म्हणाली, "आतच आहे, त्याला बरं नसतं." आत्या नेहमीच्या मोठ्या आवाजात "असू दे, असू दे" म्हणाली आणि तासाभराने गेली. ती असतानाच, दुपारी साडेचार वाजता, फ्लशचा आवाज आला. आईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

परवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिघंही संध्याकाळी बाहेर गेलो, दोन वर्षांत पहिल्यांदा. जाताना त्याला दारातून सांगितलं, नऊपर्यंत येतो. परत आलो तर ओट्यावर दुपारची ताटं धुऊन पालथी घातलेली. चारही. बाबा त्याच्या दाराकडे निघाले होते, आईने शर्टाची बाही धरली. मी ताटं पुसून मांडणीत लावली, दिवा घालवला आणि आम्ही झोपायला गेलो.

डॉक्टरांची पुढची वेळ मंगळवारची आहे.